विनंती थांबा

दत्तूमामांच्या घरी जेवताना काही खाली पडलं तर आपण वाकायचं नाही. तो अधिकार एकट्या मामांचा. आपण पाय आखडून घ्यायचे आणि बघत बसायचं.

समजा अळूवडी पडली. (ती हटकून पडतेच, बोटं तेलाने बुळबुळीत झालेली असतात.) मामांचा उजवा हात वर जातो. पंजा उघडा, बोटं जुळलेली. सुटलेल्या गाडीमागे बोचकं सांभाळत धावणारी म्हातारी दिसली की ड्रायव्हरला दाखवायचा तो हात. ‘थांबा!’ हे ते कुणाला म्हणतात ते मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही. फडकं घेऊन निघालेली मामी थांबते, दारातलं मांजर थांबतं, आणि मामांची अशी समजूत आहे की जंतूही थांबतात. मग डावा हात गुडघ्यावर. पहिल्या टप्प्यात कमरेपर्यंत, एक ‘हं’ सोडून दुसऱ्या टप्प्यात जमिनीपर्यंत. वडी दोन बोटांत वर आली की ती ट्यूबलाइटसमोर धरली जाते, पाचशेची नोट खरी की खोटी बघावी तशी. एखादा केस दिसतो. तो चिमटीने काढून मामा टेबलाच्या कडेला चिकटवतात. मामी हे बघत असते. मग फुंकर. एक. दोन. एसटीत एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. इथेही दुसरी फुंकर वाजली की वडी मार्गस्थ.

‘चार झाले होते,’ तोंडातल्या वडीतून मामा सांगतात. ‘पाचाला अजून एक बाकी होता.’

मामा एसटीत कंडक्टर म्हणून लागले आणि वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. मधली वर्षं खेड, दापोली, गुहागर आणि मग घरचं चिपळूण. निवृत्त होऊन पंधरा वर्षं होऊन गेली तरी त्यांच्या बोलण्यात माणसं येत नाहीत, लागतात. ‘जावई साडेदहाला लागले, अकराला जेवून सुटले.’ तेव्हा खाली पडलेल्या अन्नाबद्दलचा त्यांचा सिद्धान्तही त्याच खात्यातला असणार, हे ओघानेच आलं. मी कॉलेजात असताना मामांनी तो मला पहिल्यांदा समजावून सांगितला. समोर माझ्याच हातून पडलेलं तळलेल्या गऱ्याचं कुरकुरीत पातं होतं.

‘खाली पडलं म्हणजे संपलं का रे? हा काय शेवटचा थांबा आहे? हा विनंती थांबा. गाडी उभी राहिली, कुणी चढलं नाही, डबल बेल दिली, निघाली.’

‘आणि मामा, कुणी चढलंच तर?’

‘पाच सेकंदांत कोण चढतंय? लोकांना पायरीवर पाय ठेवायला दोन मिनिटं लागतात.’

हे पाच सेकंद तसे नंतर आले. आमच्या लहानपणी त्यांच्या कायद्यात सेकंद नव्हते, ‘पटकन’ होतं. पटकन उचललं तर चालतं, सावकाश उचललं तर नाही. ‘पटकन’ला हद्द नसते, म्हणून कायदा टिकला. पुढे कुठून तरी हा पाचाचा आकडा आला आणि तो मामांनी खात्याचं परिपत्रक आल्यासारखा लागू केला. जपानात म्हणे हाच नियम तीन सेकंदांचा आहे. रशियात तर पटकन उचललेलं ते पडलेलं धरतच नाहीत, अशी म्हणच आहे. म्हणजे आमचे मामा मूळचे रशियन पंथाचे.

घरात याच्या उलट परंपरा होती, हे सांगायला हवं. माझी आजी, म्हणजे मामांची आई, म्हणायची की खाली पडलं ते भुताचं. भुताच्या वाट्याला हात लावायचा नाही. सात भावंडांचं घर, भात वाढताना डाव मोजून फिरायचा, तिथे आठवा वाटा भुताला. मामा पाचवे. भुताचा नंबर आपल्या मागून असायला हवा आणि तो आपल्या आधी लागतो, हे त्यांनी तेव्हाच मनाला लावून घेतलं. वडिलांच्या पानाकडे बघून त्यांनी पुरावाही शोधून ठेवला. जेवायला बसताना वडील पानाबाहेर, थेट जमिनीवर, भाताच्या चिमटीएवढ्या चित्राहुती घालत. ‘यम आणि चित्रगुप्त जमिनीवरचं खातात,’ मामा सांगतात. ‘त्यांना काही होत नाही.’ यमाला काय व्हायचंय, असं विचारायची सोय नसते, कारण तोवर ते वाकलेले असतात.

आता त्या पाच सेकंदांविषयी. मामांचा सेकंद एका मापाचा नाही. एका मे महिन्यात ओल्या काजूची उसळ होती. मामांच्या वाटीतला एक काजू उडाला आणि थेट कपाटाखाली गेला. लाटणं आलं, ते पोचेना. मग छत्री आली. छत्रीच्या आकड्याने काजू बाहेर ओढला तेव्हा त्याच्याबरोबर एक बटण, पेनाचं टोपण आणि मागच्या दिवाळीतली टिकली आली. माझ्या घड्याळात सव्वातीन मिनिटं झाली होती. मामांच्या मोजणीत चार सेकंद.

‘कपाटाखाली होता तोवर दिसत होता का तुला?’

‘नाही.’

‘मग नोंद कशी धरायची? गाडी स्टँडात आली तरी कंट्रोलरने लिहिलं की मग ती लागली. आधीचा वेळ खात्याचा नाही.’

काजू धुऊन घ्या असं मामी म्हणाली. धुतलं तर मसाला जातो, असं मामांचं मत पडलं.

याच मामांच्या पानातून बुधवारी कारल्याची फोड पडते. ती जमिनीला टेकायच्या आत मामा ओरडतात, ‘गेली! आता नको, जंतू!’ अर्ध्या सेकंदाचीही सवलत नाही. शेपू, पडवळ आणि परवाचं वांगं यांच्या बाबतीत मामांची स्वच्छतेची जाण कुठल्याही इस्पितळाला लाजवील. कारल्याच्या फोडी इतक्या वारंवार आणि नेमक्या मामांच्याच पानातून का पडतात, याविषयी मामीच्या मनात जुना संशय आहे. पण रंगेहाथ पकडलेलं नाही. तपासणीस गाडीत चढायच्या आत हिशेब पुरा करून ठेवण्यात त्यांची हयात गेली आहे.

जमिनींचंही वेळापत्रक आहे. शेणाने ताज्या सारवलेल्या खळ्यात सात सेकंद. पडवीतल्या कोब्यावर पाच. स्वयंपाकघरातल्या नव्या चकचकीत टाइलांवर चारच, कारण त्या मुलाने मामांना न विचारता बसवल्या. मोरीच्या उंबऱ्यापलीकडे मार्ग बंद. चपला काढायच्या जागेबद्दल मात्र त्यांनी निर्णय राखून ठेवलेला आहे. तिथे एकदा हापूसची फोड पडली होती, आणि त्या दिवशी काय झालं ते मामा-मामींपैकी कुणीच सांगत नाही.

कायदा एकदाच स्थगित झाला. 2021च्या 22 जुलैला वाशिष्ठी घरात शिरली. पाणी ओसरल्यावर घरात घोटाभर चिखल, त्यात फ्रिज आडवा आणि भिंतीवर छातीएवढ्या उंचीला गढूळ रेघ. पुराच्या पाण्यातून उंदरांचं मूत कुठे कुठे फिरतं आणि त्यातून लेप्टो कसा होतो, हे चिपळूणकराला कुणी शिकवावं लागत नाही. मामांनी काही जाहीर केलं नाही. फक्त, कुणाच्या हातून बिस्किट पडलं की ते पायाने बाजूला सारून गप्प बसत. फरश्या तीन-तीनदा घासल्या, ब्लीचिंग पावडरच्या वासाने डोळे चुरचुरत, तरी हात वर जाईना. तो गेला दिवाळीत. चकली पडली, तिचे दोन तुकडे झाले, आणि सगळे मामांकडे बघू लागले. पंजा उघडला. ‘थांबा!’ मामी त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. आत गेली आणि डब्यातून आणखी दोन चकल्या आणून मामांच्या बशीत ठेवल्या.

एवढ्या सगळ्या कारभाराला खरं आव्हान दिलं ते नातीने. चिमी रत्नागिरीला मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करते. शनिवारी संध्याकाळी ती लागली (बघा, मलाही सवय झाली), आणि रविवारी सकाळी घावन उलटताना एक ओट्यावरून खाली आलं. मामांची दुसरी फुंकर व्हायच्या आत ती म्हणाली, ‘आजोबा, यावर अमेरिकेत संशोधन झालंय. इग नोबेलसुद्धा मिळालंय.’

मामांना मधलं ‘नोबेल’ तेवढं ऐकू आलं. घावन तसंच बोटांत धरून ते खुर्चीवर बसले. ‘बघ,’ ते मामीला म्हणाले. ‘नोबेल.’

इग नोबेल म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते बक्षीस, हे चिमीने सांगून पाहिलं. 2003 साली जिलियन क्लार्क नावाच्या एका शाळकरी मुलीने इलिनॉय विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हे काम केलं होतं, आणि पुढच्याच वर्षी तिला हे बक्षीस मिळालं. तिने टाइलांना ई. कोलाय जंतू लावले, त्यांवर बिस्किटं आणि जेलीच्या गोळ्या ठेवल्या, आणि पाच सेकंदांच्या आत जंतू खाण्यावर आलेले होते.

‘लावले म्हणजे?’ मामांनी नेमका धागा पकडला. ‘आधी नव्हते?’

चिमी प्रामाणिक मुलगी आहे. विद्यापीठातल्या फरश्या आधी तपासल्या तेव्हा त्या अनपेक्षितपणे स्वच्छ निघाल्या होत्या, हे तिने कबूल केलं.

‘म्हणजे मार्गावर प्रवासी नव्हते. यांनी बाहेरून आणून बसवले आणि म्हणाले, बघा केवढी गर्दी!’

त्या मुलीने लोकांना विचारलंही होतं. हा नियम 70 टक्के बायकांना आणि 56 टक्के पुरुषांना ठाऊक होता, आणि पडलेलं उचलून खाण्यात बायका पुढे होत्या. यावर मामांनी मामीकडे पाहिलं. मामीने घावन उलटलं.

मग चिमीने भारी तोफ काढली. न्यू जर्सीतलं रटगर्स विद्यापीठ, साल 2016, डोनाल्ड शाफ्नर आणि रॉबिन मिरांडा. साल्मोनेलाचा एक निरुपद्रवी चुलतभाऊ घेतला आणि तो चार पृष्ठभागांना लावला: स्टील, टाइल, लाकूड, गालिचा. वर चार पदार्थ टाकले: कलिंगड, पाव, लोणी लावलेला पाव आणि जेलीची गोळी. चार वेळा घेतल्या: एका सेकंदाहून कमी, पाच सेकंद, तीस सेकंद, तीनशे सेकंद. प्रत्येक प्रयोग वीस वेळा. एकूण 2560 नोंदी.

मामा छताकडे बघत होते. ओठ हलत होते. ‘चार चोक सोळा, सोळा चोक चौसष्ट. चौसष्टला वीसने गुणलं की बाराशे ऐंशी. हे पंचवीसशे साठ कुठून आणलेस?’

चिमी गडबडली. मोबाइलवर वर-खाली करून तिने पुन्हा वाचलं. जंतू दोन वेगवेगळ्या द्रवांत कालवून लावले होते, म्हणून सगळं दुप्पट.

‘मग तसं सांग. वे-बिल जुळायला हवं. आता पुढे वाच.’

मला वाटतं, शाफ्नरसाहेबांचा तो शोधनिबंध इतक्या काटेकोरपणे चिपळुणात दुसऱ्या कुणी तपासला नसेल. निष्कर्ष मामांच्या विरुद्ध होता, पण पुरता नव्हता. काही वेळा जंतू एक सेकंदही न थांबता चढतात. वेळ वाढला तर जास्त चढतात, म्हणजे सेकंदांना अर्थ आहे. पण पदार्थ कुठला आणि जमीन कुठली, याला तितकाच, किंबहुना जास्त अर्थ आहे. कलिंगडावर सर्वांत जास्त, जेलीच्या गोळीवर सर्वांत कमी. सगळा खेळ ओलाव्याचा. जंतूंना पाय नसतात, ते पाण्याबरोबर सरकतात. आणि गालिच्यावरून, आश्चर्य म्हणजे, टाइल किंवा स्टीलपेक्षा खूपच कमी.

‘ओलावा ही त्यांची एसटी,’ मामा म्हणाले. पुढची पंधरा मिनिटं त्यांनी या निकालातून आपल्याला हवं ते वेचून घेतलं. कलिंगड जमिनीवरून उचलायचं नाही, हे त्यांनी उदारपणे मान्य केलं (त्यांना कलिंगड आवडत नाही). चिक्की, रेवडी, तिळगूळ आणि चणे-फुटाणे यांची मुदत दहा सेकंदांवर नेली. आणि दुपारी जेवायच्या वेळी पाहतो तो डायनिंग टेबलाखाली सतरंजी अंथरलेली.

‘गालिचा नाही आपल्याकडे,’ ते म्हणाले.

मामीने सतरंजी तिथल्या तिथे उचलली, कारण ती पाहुण्यांची होती.

चिमी हरणारी नव्हती. तिने क्लेमसन विद्यापीठातल्या पॉल डॉसन यांचं काम काढलं: साल्मोनेला कोरड्या जमिनीवर चार आठवड्यांपर्यंत जिवंत सापडला होता, तोही खाण्यावर चढण्याइतक्या संख्येने. या वेळी मामा गप्प झाले. आंबोशीचं लोणचं बोटाने चाटून त्यांनी बराच विचार केला.

‘चार आठवडे म्हणजे मुक्कामीच म्हणायचे,’ ते शेवटी म्हणाले. ‘पण आपल्याकडे आहेत का, ते कुणी बघितलंय?’

पुढच्या शनिवारी चिमी बर्फाच्या डब्यातून झाकणांच्या चपट्या बशा घेऊन आली. आत कडक बसलेल्या खिरीसारखं काही तरी होतं. ते जंतूंचं जेवण, असं तिने सांगितल्यावर मामांनी वास घेऊन पाहिला. कापसाच्या काडीने तिने तीन ठिकाणचे नमुने घेतले: स्वयंपाकघरातली फरशी, ओट्यावरचं फडकं आणि आजोबांची उजव्या हाताची ती दोन बोटं. बशा कॉलेजात नेऊन दोन दिवस उबेत ठेवल्या आणि बुधवारी रात्री घरी फोटो आले. मी त्या दिवशी कामासाठी चिपळुणातच होतो, त्यामुळे पुढचा प्रकार ऐकीव नाही.

फरशीच्या बशीत इथे-तिथे मिळून अकरा ठिपके. मामांनी ते बोटाने दोनदा मोजले आणि स्टँडवर लाउडस्पीकरवरून सांगावं तशा आवाजात आकडा जाहीर केला. दुसरी बशी फडक्याची. तिच्यात ठिपके मोजायची सोयच नव्हती. पांढरट, पिवळट, मधे एक गुलाबी, सगळं एकमेकांत मिसळून साय धरल्यासारखं. घरात शांतता पसरली. त्या फडक्याने मामी चाळीस वर्षं ओटा पुसते, ताटं पुसते, लहानपणी आमची तोंडंही पुसायची. ती काही बोलली नाही. उठली, पातेल्यात पाणी तापत ठेवलं, फडकं त्यात टाकलं आणि तीन दिवस घरात उकळत्या फडक्याचा वास होता. यातले बहुतेक जंतू कुणाचं काही वाकडं करत नाहीत, असं चिमी फोनवरून पुन्हा पुन्हा सांगत होती. पण ते बघितल्यानंतर कोण ऐकतंय?

मामांना हसू आवरत नव्हतं. ‘मी फरशीवरचं खात होतो म्हणून वाचलो,’ ते मला म्हणाले. ‘ताटातलं खाणारे तुम्ही सगळे...’

तेवढ्यात तिसरा फोटो लागला. ती बोटांची बशी. फडक्याएवढी नव्हती, पण फरशीला मागे टाकून किती तरी पुढे गेली होती. दोन बोटांचे ठसे स्वच्छ ओळखू येत होते, जसे काही मामांनी तिथे अंगठा उठवला आहे. मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सगळी हयात त्यांनी जमिनीच्या वेळा नोंदवल्या होत्या. जमिनीपासून तोंडापर्यंत माल नेणाऱ्या गाडीची तपासणी त्या दिवशी पहिल्यांदा झाली.

‘दुपारी सुट्टे पैसे मोजले होते,’ ते पुटपुटले.

तेव्हापासून मामा पडलेलं उचलण्याआधी हात धुऊन येतात. त्यात पाच सेकंद जातात, हा प्रश्न मी मांडला होता. ‘कंट्रोलर केबिनमध्ये नसताना आलेली गाडी,’ एवढंच उत्तर मिळालं. फुंकरीने जंतू जात नाहीत, उलट तोंडातले चार उडतात, हेही चिमीने सांगून झालं. ‘ते माझे आहेत,’ मामा म्हणाले. ‘घरचे. त्यांना पास आहे.’

मामांना कधी काही झालं नाही का, असं लोक विचारतात. झालं. चार वर्षांपूर्वी दोन दिवस सलाइन लावावं लागलं. त्याआधी एका लग्नात त्यांनी बासुंदी चेपली होती. टेबलावर, केळीच्या पानावर, द्रोणातून, जमिनीचा वाराही न लागलेली. इस्पितळात पडल्या पडल्या त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, ‘बघ, ही वरून आलेली.’ डॉक्टर मात्र म्हणाले की सत्तरीच्या माणसाने असले प्रयोग करू नयेत. लहान पोर, गरोदर बाई आणि म्हातारा माणूस यांना जे बाधतं ते तिशीतल्या गड्याला बाधत नाही. मामांनी मान डोलावली. म्हातारा माणूस म्हणजे कोण, ते त्यांनी विचारलं नाही.

खरं सांगायचं तर मामांना हसण्याचा हक्क फार थोड्यांना आहे. फरक इतकाच की मामा हे चारचौघांत करतात. आपण आधी दाराकडे बघतो. अमेरिकेत 1963 साली टीव्हीवर ज्युलिया चाइल्ड नावाच्या बाई स्वयंपाक शिकवत असत. बटाट्याचं एक मोठं थालीपीठ हवेत उलटताना त्यातलं थोडं शेगडीच्या कडेला सांडलं. बाईंनी ते गोळा करून परत तव्यात घातलं आणि स्वयंपाकघरात तुम्ही एकट्या असताना बघतंय कोण, अशा अर्थाचं काही तरी म्हणाल्या. गंमत पुढेच आहे. बघणाऱ्यांच्या आठवणीत ते थालीपीठ हळूहळू शेगडीवरून जमिनीवर आलं, आणि थालीपिठाची अख्खी कोंबडी झाली. जमिनीवरून कोंबडी उचलणारी बाई असावी अशी लोकांची इच्छाच असणार. म्हणजे आपलं बिस्किट काहीच नाही.

यंदाच्या गणपतीला मी चिपळूणला होतो. सकाळपासून उकड काढणं चाललं होतं. मामी कळ्या पाडण्यात पटाईत, एका मोदकाला पंधरा-सोळा, आणि बोट मधे ओलं करायचं ते तुपात की पाण्यात यावर चिमीशी वाद. नैवेद्याचे एकवीस मोजून केले होते. उकड संपली होती, उरला होता सुपारीएवढा गोळा. पूजा होऊन घरातली माणसं आणि शेजारपाजारचे पंधरावीसजण आरतीला उभे राहिले, आणि चाळणीतून ताटात काढताना मामीच्या हातून एक मोदक सुटला.

पडला तो नव्या टाइलांवर. फुटला नाही. बुडावर उभा पडला, कळ्या शाबूत, वाफ निघतेय.

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. हात वर गेलाच नाही. ते नुसते मोदकाकडे बघत राहिले.

‘उचला की,’ मामी म्हणाली. तिच्या आवाजात चाळीस वर्षं होती. ‘चार सेकंद आहेत ना इथे? उचला आणि ठेवा ताटात.’

‘देवाला नाही चालायचं.’

‘का नाही? चित्रगुप्ताला चालतं म्हणता ते?’

‘तो हिशेबनीस,’ मामा म्हणाले. ‘हा गणपती.’

‘गणपतीला चालत नाही ते तुम्हाला कसं चालतं?’

‘मी कुठे गणपती आहे?’

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मामीने उरलेल्या गोळ्याची पारी केली, सारणाच्या भांड्याचा तळ खरवडला आणि सुपारीएवढा मोदक वळून, घाईने वाफवून एकविसावा पुरा केला. तोवर मामा हात धुऊन आले. दोन टप्प्यांत वाकून त्यांनी खालचा मोदक डाव्या तळहातावर घेतला. पण नैवेद्य दाखवायच्या आधी तोंडात काही घालायचं नाही, हा कायदा त्यांच्याहून जुना. आणि मोदक खाली ठेवावा तर तो दुसऱ्यांदा पडल्यासारखाच.

आमच्याकडे आरत्या लांबतात. कोकणात लांबतातच, आणि त्यातून शेजारच्या एकाला नव्या चाली सुचतात. मामांच्या झांजा माझ्याकडे आल्या. ते तळहातावर मोदक धरून देवासमोर उभे, उजव्या हाताने मांडीवर ठेका. तिसऱ्या आरतीला वाफ गेली. पाचवीला एक कळी आडवी झाली आणि गुळाचा ओघळ मनगटावरून कोपराकडे निघाला. मंत्रपुष्पांजली झाली, नैवेद्य झाला, प्रसादाची ताटं फिरू लागली. दुसरा मोदक कुणी तरी पुढे केला, तो मामांनी नुसत्या मानेने परत पाठवला. मामी काही न बोलता तुपाची तपेली घेऊन आली आणि तळहातावरच धार सोडली.

‘आजोबा,’ चिमी म्हणाली, ‘ओला पदार्थ आहे आणि गुळगुळीत टाइल होती. किती सेकंद झाले?’

मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सत्तेचाळीस मिनिटं झाली होती.

‘गाडी लेट आहे,’ ते म्हणाले. ‘रद्द झालेली नाही.’

आणि फुंकर मारली. एक. दोन.